दीड सूर वर

१

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भिंगरीचा आवाज फाटला.

अकरा वर्षांची पोर, यजमान देशाची गायिका. समोर एकोणीस देशांची पथकं बसलेली, सात कॅमेरे चालू. मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेची ही पहिली पूर्ण तालीम. शनिवारी अंतिम फेरी जगभर टीव्हीवर दिसणार होती. भिंगरीने पहिलं कडवं कसंबसं निभावलं आणि ध्रुपदाच्या वरच्या सुराला तिचा गळा कापड टरकावं तसा चिरकला. ती थांबली नाही. दिग्दर्शक माइकवरून ओरडला, "पुन्हा!" पुन्हा तेच झालं. "पुन्हा!" तिसऱ्या खेपेला सूर आलाच नाही, नुसती हवा आली. मग ती स्टेजवर खाली बसली आणि तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. तासाभरात ती चित्रफीत देशोदेशी फिरत होती आणि लोक पोट धरून हसत होते.

मी या स्पर्धेची बालसंरक्षण अधिकारी. पद भारदस्त, काम एका ओळीचं: कुठल्याही मुलाने दिवसात चार तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, आणि ते मी मिनिटामिनिटाने वहीत मांडायचं. मुलं मला घड्याळमावशी म्हणतात. मोठी माणसं तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे घड्याळबाई. मला दोन्ही ऐकू येतं.

दिग्दर्शकावर माझा डूख आहे हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. तीन वर्षांपूर्वी मुलांच्याच एका कार्यक्रमात त्याने एका पोराला लाइटखाली नऊ तास उभं ठेवलं. पोरगा कोसळला. मी लेखी तक्रार केली. ठपका आला माझ्यावर, कारण वहीवर सही माझी आणि चौकशी समितीत माणसं त्याची. पुढची दोन वर्षं मी जुन्या चित्रफितींच्या गोदामात, खिडकी नसलेल्या खोलीत, डब्यांवर लेबलं चिकटवत काढली. हात लेबलं चिकटवायचे आणि डोकं एकच विचार करायचं, या माणसाचं उट्टं कसं काढायचं.

त्यामुळे साउंड ऑपरेटर धापा टाकत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, पोरीची काही चूक नाही. ट्रॅकच दीड सूर वर होता. कोणीतरी फाइल बदलली," तेव्हा मला आधी भिंगरीची दया आली. आणि लगेच दुसरा विचार आला, की सापडला!

स्पर्धेच्या अध्यक्षांनी चौकशी माझ्याकडेच दिली. मी दिग्दर्शकाच्या हाताखाली येत नाही, हे एक कारण. दुसरं कोणी तयार नव्हतं, हे खरं कारण.

"बुधवारी दुपारी बाराला सगळे ट्रॅक कुलूपबंद होतात," अध्यक्ष म्हणाले. "त्यानंतर गाणंही बदलता येत नाही आणि गायकही. दिग्दर्शकांना मुलीला काढून राखीव मुलगा उभा करायचाय. फाइल बदलली होती हे बाराच्या आत सिद्ध झालं तर मुलगी राहील. नाही झालं तर मी त्यांना अडवू शकणार नाही."

भिंगरीला मी चोवीस तासांची सक्तीची विश्रांती लिहून दिली. कोणी भेटायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. इजा झालेल्या मुलासाठी नियमच तसा आहे. पोरीचं केवढं भलं केलं अशा तोऱ्यात मी सही ठोकली.

२

साउंड ऑपरेटरला आम्ही कानसेन म्हणतो. पलीकडच्या खोलीतली ट्यूबलाइट कुठल्या सुरात गुणगुणतेय ते हा माणूस सांगतो.

"मग पहिल्याच ओळीला कळलं कसं नाही तुला?" मी विचारलं.

"कळलं की! पण मॅडम, कुलूप लागेपर्यंत इथे रोज पट्ट्या बदलतात. मुलांचे गळे ते, आज एक उद्या एक. सकाळीच एका देशाने अर्धा सूर उतरवून घेतला. मला वाटलं, मुलांना गाणं शिकवणाऱ्या ताईंनी पट्टी चढवली असेल. फाइलचं नाव तेच, लांबी तीच."

"मुलीच्या कानात काय वाजत होतं?"

"इयरपीसची लाइन वेगळी असते. ती फक्त मुलाच्या कानात जाते, मी नाही ऐकत. सुरुवातीला चार टिकटिक, मग गाणं. एकोणीस भाषा आहेत ना, म्हणून मोजणी कोणाच्याच आवाजात ठेवत नाहीत. सगळ्यांना सारखी टिकटिक."

"ती बदललेली फाइल ऐकव मला."

कानसेन टेबलावरच्या वायरी सरळ करत बसला. त्या आधीच सरळ होत्या.

"नाहीये ती. तिसऱ्या खेपेनंतर मी साहेबांना सांगितलं की फाइल चुकीची आहे. ते म्हणाले, पुसून टाक, जुनी वर घाल आणि तोंड बंद ठेव."

"आणि तू पुसलीस?"

"घर चालवायचं असतं मॅडम. पण मग ती पोर तशी बसलेली बघितली आणि तुमच्याकडे आलो."

म्हणजे मुलगी निर्दोष आहे हे दिग्दर्शकाला पहिल्या तासातच ठाऊक होतं, आणि तरी तो तिलाच काढायला निघाला होता. मला हात चोळावेसे वाटले. साउंड रूमचं दार कार्डाने उघडतं आणि प्रत्येक उघडल्याची नोंद राहते. जेवणाची सुट्टी सव्वा ते दोन. मी कानसेनला ती यादी काढायला लावली.

सुट्टीत दार एकदाच उघडलं होतं, एक वाजून चाळीस मिनिटांनी, दिग्दर्शकाच्या कार्डाने.

झालं की! पोरीला काढायचा मोटिव्ह होता, कार्ड होतं, पुरावा पुसल्याचा साक्षीदार होता. यादीवर सही घेऊन मी जिना उतरले, आणि निम्म्यात माझे पाय थांबले. एक चाळीसला दिग्दर्शक कुठे होता हे मला पक्कं माहीत होतं. तो माझ्या खोलीत होता, माझ्यासमोर.

३

दीड ते एक पंचावन्न. भिंगरीला अर्धा तास जास्त द्या म्हणून तो माझ्या टेबलावर मुठी टेकून उभा होता. मी नाही म्हटलं. जाताना तो म्हणाला होता, "गोदामातली तुमची खुर्ची अजून रिकामीच आहे बरं का." खोलीत तिसरं माणूस नव्हतं. तो साउंड रूममध्ये नव्हता एवढं सांगू शकणारी जगात एकटी मीच.

मंगळवारी सकाळी त्याला बोलावलं. तो आला तोच कपाळाला आठ्या घालून. मी कार्डाच्या नोंदीची यादी त्याच्यापुढे सरकवली.

"कार्ड माझ्या कोटात होतं आणि कोट माझ्या खुर्चीवर. कोणीही घेऊन परत ठेवलं असेल. मी कुठे होतो ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"मला?"

"तुमच्या खोलीत होतो की मी!"

"वही बघून सांगते," मी म्हटलं.

वही माझ्या मांडीवरच होती. त्यात 'दि. आले १.३०, गेले १.५५' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या ओठांवरचा रंग उतरला. तीन वर्षं मी या चेहऱ्याची वाट बघितली होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीचा चहा मला फार गोड लागला.

"फाइल पुसायला का लावलीत?"

"माझ्या साउंड रूममध्ये कोणीही शिरतं हे जगाला सांगू? मुलं काय, चुकतात. लोक दोन दिवसांत विसरतात."

त्याच्या मागोमाग राखीव मुलाची आई आली. सगळे तिला राखीवबाई म्हणतात. ती कुठेही येते ती मुलाचा पोशाख इस्त्री करून, हँगरवर घेऊनच. भिंगरी पडली तर हिचा मुलगा चढणार, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मी सरळ विचारलं.

"बाई, दीड सूर वरचा ट्रॅक तुमच्या मुलासाठी केलेला होता का?"

"वरचा?" ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. "अहो, वरचा कुठला? त्याचा आवाज फुटायला लागलाय. पंधरा दिवस झाले, वरचा सूर लागतच नाही. ताईंनी गुपचूप त्याचा ट्रॅक दोन सूर खाली आणलाय. साहेबांना कळलं तर त्याचं नावच काढतील, म्हणून बोलले नाही. भिंगरीला काही होऊ नये म्हणून मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतेय. माझ्या पोराला शनिवारी उभं केलं तर त्याचंही हसं होईल हो!"

"दुसऱ्या कोणाकडे ट्रॅक देतात का ताई?"

"छे! सरावाच्या खोलीबाहेर एक फाइल जाऊ देत नाहीत. तिथे त्यांच्या मशीनवरच वाजवायचं. स्वतःच्या आवाजात एक-दोन-तीन-चार मोजून प्रत्येक फाइल सुरू करतात. माझ्या मुलाला आता त्याशिवाय सुरुवातच जमत नाही, स्टेजवर टिकटिक ऐकली की गोंधळतो."

तिने जाताना मला तीनदा शपथ घातली. मी कोणाला सांगणार नव्हते. पण हँगरवरचा तो पोशाख बघून मला कळलं, की भिंगरी उभी राहिली नाही तर या देशाकडून कोणीच उभं राहणार नव्हतं.

४

सरावाची खोली मागच्या अंगाला आहे. भिंतींना जाड कापड, कोपऱ्यात पियानो, दारामागे मुलांचं वेळापत्रक: नऊ ते सव्वानऊ मिटल्या तोंडाने वरच्या पट्टीत गुणगुणणे, सव्वानऊला पाणी, साडेनऊला गाणं. मुलांची गानताई पियानोच्या बाकावर बसली होती. तिशीची, सडसडीत, रडून डोळे सुजलेले. तालमीत पहिला चिरका सूर आला तेव्हा हीच एकटी "थांबवा!" म्हणून ओरडत धावली होती, आणि दिग्दर्शकाने माइकवरून "जागेवर बसा" म्हणून तिला बसवलं होतं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"कोणी केलं ते तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तू सांग."

"एक विचारू? एका मुलीची चित्रफीत बघितलीयेत का कधी? बारा वर्षांची, निळा फ्रॉक, गाताना आवाज जातो आणि ती कॅमेऱ्यासमोर ओक्साबोक्शी रडते?"

बघितली होती. कोणी नाही बघितली? लोक अजून एकमेकांना हसायला म्हणून पाठवतात.

"ती मी," ताई म्हणाली. "याच स्पर्धेत, अठरा वर्षांपूर्वी. तालमीतच घसा बसला होता, मी सांगत होते मला नको उभी करू. तेव्हा हा साधा सहायक होता. म्हणाला, रडू आलं तर रड, बघायला बरं दिसतं. माझा रडका चेहरा त्याने पडदाभर धरून ठेवला आणि त्यावर त्याला बढती मिळाली. मी त्यानंतर माणसांसमोर गायले नाही."

गोदामातल्या खोलीचा वास माझ्या नाकात परत आला.

"तुम्ही आणि मी, एकाच सापाने डसलेल्या," ती माझा हात धरून म्हणाली. "या वेळी सोडू नका त्याला, मॅडम. कार्ड त्याचंच निघालंय ना?"

"हो. कार्ड त्याचंच आहे."

ती रडली आणि मीही डोळे पुसले. खोलीतून निघताना माझं ठरलं होतं. वहीतलं ते पान मी फाडणार होते. एक ओळ कमी झाली तर कोणाचं काय बिघडणार होतं?

मी माझ्या खोलीत आले, आतून कडी घातली आणि वही उघडली. पान फाडायला हात लावला तेव्हा त्याच पानावरची दुसरी नोंद दिसली. 'भिंगरी. चार तास संपले ३.१२. स्टेजवरून उतरली ३.२३.'

त्या अकरा मिनिटांत मी काय करत होते हे मला आठवलं, आणि माझा हात पानावर तसाच राहिला. आणखी एक गोष्ट डोक्यात टोचायला लागली होती. कार्ड दिग्दर्शकाचं निघालं हे मी कानसेनशिवाय आणि दिग्दर्शकाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. कानसेनला मी शपथ घातली होती, आणि दिग्दर्शकाने तर ते कोणाला सांगणंच शक्य नव्हतं.

५

दुपारी तीन तेवीसला चोवीस तास भरले आणि मी भिंगरीच्या खोलीचं दार वाजवलं. दार तिच्या आत्याने उघडलं. बाई दारात आडव्या उभ्या.

"या! सापडली का वाट? काल एक माणूस फिरकला नाही विचारायला."

"मीच बंदी घातली होती, आत्याबाई. तिला त्रास नको म्हणून."

"काय पण शहाणपण! अहो, ज्याच्या कानात वाजलं त्याला सोडून साऱ्या गावाला विचारत फिरताय. पोर काल संध्याकाळी कागद मागत होती, काहीतरी लिहायचं म्हणाली खुणेने. मी म्हटलं, मॅडमची सही आहे, गप्प पड. मावशी म्हणवून घेता ना तिच्याकडून? मग मावशीसारखं वागा."

इयरपीसची लाइन फक्त मुलाच्या कानात जाते, हे कानसेनने मला सोमवारी सांगितलं होतं. पुसलेली फाइल या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, आणि त्या दाराला मीच नियमाचं कुलूप घातलं होतं.

भिंगरी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एरवी ही पोर उभ्या उभ्या गोल गोल फिरते, म्हणून तर ते नाव. मी खाली जमिनीवर बसले.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस. कानात काय वाजलं तेवढं सांगशील?"

तिने गुडघ्यांवरून हनुवटी उचलली. मग घोगऱ्या, चिरलेल्या आवाजात म्हणाली, "ताईने मोजलं."

"टिकटिक नव्हती?"

"नाही. ताई म्हणाली एक-दोन-तीन-चार. मग गुणगुणायची पट्टी आली. सकाळी तोंड मिटून करतो ना, ती. पण ती एवढीशीच असते. ही पूर्ण होती."

"मग तू थांबली का नाहीस गं?"

"मला वाटलं ताई परीक्षा घेतेय."

आत्याने तोंड भिंतीकडे केलं. मी पेन काढून ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं.

६

सरावाच्या खोलीत ताई पियानो पुसत होती. मी दार लावून घेतलं आणि उभी राहिले.

"कार्डाचं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"काल साउंड रूम कोणाच्या कार्डाने उघडली ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. तू स्वतःहून म्हणालीस, कार्ड त्याचंच निघालंय ना. ज्याने वापरलं त्यालाच ते माहीत असणार."

"अंदाजाने म्हटलं हो. त्याच्याशिवाय कोण असणार?"

"तो नव्हता. एक चाळीसला तो माझ्यासमोर उभा होता. माझ्या वहीत आहे."

फडकं तिच्या हातात थांबलं.

"वरच्या पट्टीची फाइल फक्त तुझ्या मशीनवर आहे," मी पुढे म्हटलं. "आणि तीही एवढीशी. सोमवारी वाजली ती अख्खं गाणं होती, लांबी मूळ ट्रॅकएवढी, म्हणजे कोणीतरी मुद्दाम बनवली. दिग्दर्शकाला तुझी गुणगुणायची पट्टी काय आहे हेही माहीत नाही. राखीवबाईच्या मुलाचा ट्रॅक खालचा आहे, आणि कानसेनला करायचं असतं तर त्याने टिकटिक ठेवली असती. तू तुझ्या सवयीने फाइलच्या आधी मोजलंस. बाहेर कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून तुझ्या लक्षातही आलं नाही. पण भिंगरीने ऐकलं."

"ती बोलली?" ताईने एकदम विचारलं. "आवाज कसा आहे तिचा?"

"चिरलाय. बरा होईल म्हणतात डॉक्टर."

ती बाकावर बसली. पियानोच्या दोन-तीन पट्ट्या तिच्या कोपराखाली दाबल्या जाऊन वेड्यावाकड्या वाजल्या.

"मला त्याचा कार्यक्रम पाडायचा होता," ती म्हणाली. "एकोणीस देशांसमोर. यजमानाचाच ट्रॅक चुकीचा, म्हणजे त्याची नाचक्की. वर कार्ड त्याचं, म्हणजे तो कायमचा गेला. भिंगरीला काही होणारच नव्हतं! पहिल्या ओळीला कोणीही थांबतं, हात वर करतं, ट्रॅक चुकलाय म्हणतं. मी थांबले असते, तुम्ही थांबला असता. ती थांबलीच नाही."

"ताई परीक्षा घेतेय, असं वाटलं तिला."

ताईने दोन्ही हातांनी कान झाकले. "काही झालं तरी गात राहायचं, हे मीच शिकवलं. मी गाणं मध्येच सोडलं होतं ना, म्हणून. मी तिला थांबायला शिकवलंच नाही."

"लोक तिला हसत होते तेव्हा तरी बोलायचंस."

"एक दिवस अजून. एक दिवस गेला असता की तो संपला असता. मग तिचं नाव आपोआप साफ झालं असतं." तिने मान वर केली. "आणि मला वाटलं, तुम्ही तरी त्यालाच धराल. तुमच्याइतकी त्याच्यावर कोण जळतं? म्हणून तर मी धीर केला."

हिने हत्यार म्हणून पोर वापरली होती आणि ढाल म्हणून मला. आणि हिचा हिशेब जवळजवळ बरोबर होता. दुपारी ते पान माझ्या चिमटीत होतं.

"वड्याचं तेल वांग्यावर काढलंस तू," मी म्हटलं. "अठरा वर्षांपूर्वी त्याने तुझं जे केलं, तेच तू तिचं केलंस. तीच चित्रफीत, नुसता फ्रॉक वेगळा."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. पण त्यातला निम्मा राग मी माझ्यावरच काढत होते, हे तिला कळायचं कारण नव्हतं.

७

बुधवारी सकाळी दहाला मी अध्यक्षांपुढे आणि त्यांच्या समितीपुढे अहवाल वाचला. दिग्दर्शक खुर्चीत मागे रेलून बसला होता. एक चाळीसला तो माझ्या खोलीत होता, हे वाक्य आलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी नोकराने हरवलेली किल्ली आणून दिल्यावर मालक हलवतो. ताईचं नाव आलं तेव्हा तो चक्क हसला.

"पुढे वाचते," मी म्हटलं.

पुढे फाइल पुसायला लावल्याचं होतं, कानसेनच्या सहीने. मुलगी निर्दोष आहे हे कळूनही तिला काढायची शिफारस केल्याचं होतं, त्याच्या स्वतःच्या सहीने. तीन बाराला वेळ संपल्यावरही इजा झालेल्या मुलीला "पुन्हा" म्हणून उभं ठेवल्याचं होतं, आणि त्याचा पुरावा सात कॅमेऱ्यांनी टिपलेला होता. या वेळी समितीत त्याचा माणूस एकही नव्हता. शनिवारचं काम सहायकाकडे द्यायचं तिथल्या तिथे ठरलं. तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली आणि ती त्याला स्वतःलाच उचलावी लागली. मी ते डोळे भरून बघितलं. तीन वर्षांचं सगळं त्या एका मिनिटात वसूल झालं.

"संपला अहवाल?" अध्यक्षांनी विचारलं.

संपवता आला असता. पण खाली एक ओळ होती आणि ती मी काल संध्याकाळी लिहून ठेवली होती, सकाळी धीर होणार नाही म्हणून.

"तीन बारा ते तीन तेवीस. तालीम थांबवायचा अधिकार फक्त मला होता. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी वाजवली नाही. दिग्दर्शक बुडतोय हे दिसत होतं आणि ते मला बघायचं होतं. मुलीचा आवाज दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा फाटला तो या अकरा मिनिटांत."

अध्यक्षांनी कागदावर सही केली आणि माझं ओळखपत्र आणि शिट्टी टेबलावर ठेवायला सांगितलं.

मुलगी राहणार होती. फक्त एक रीत उरली होती: ट्रॅक कुलूपबंद व्हायच्या आधी गायकाने तो स्वतः एकदा गाऊन, बरोबर आहे म्हणून सही करायची. गायकाची सही नसेल तर तो देश स्पर्धेबाहेर. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि भिंगरी कोणाशी बोलत नव्हती. आत्याने तिला सगळं सांगितलं होतं, काही न लपवता. मी अडवलं नाही. आदल्या दिवशी मी तिला गप्प ठेवून काय मिळवलं होतं ते बघितलंच होतं.

अकरा चाळीसला भिंगरी आत्याचा हात धरून स्टुडिओत आली. दिग्दर्शक आपलं सामान गोळा करत होता. ताई दाराशी उभी होती, तिला आत यायची परवानगी नव्हती आणि घरी जायचं धैर्य नव्हतं. मी ओळखपत्राशिवाय कोपऱ्यात. भिंगरीने तिघांकडे एकेक करून बघितलं.

"ते बाहेर," ती दिग्दर्शकाकडे बोट करून म्हणाली. "ताई पण बाहेर."

ताईच्या तोंडातून नुसता हुंदका निघाला. मी भिंगरीकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

"मावशी पण," ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. आत्या आणि कानसेन आत राहिले. जाड दार बंद झालं आणि त्यावरचा लाल दिवा लागला. तो दिवा असताना आतला चकार शब्द बाहेर ऐकू येत नाही. आम्ही तिघं बाकावर ओळीने बसलो, मध्ये एकेक माणसाची जागा सोडून. तीन मिनिटांचं गाणं. त्याचा ध्रुपदाचा वरचा सूर कुठल्या सेकंदाला येतो ते आम्हाला तिघांनाही पाठ होतं. तो सेकंद आला तेव्हा ताईने डोळे मिटले, दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं आणि माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. शिट्टी तिथे नव्हती.

अकरा छप्पनला दिवा विझला. कानसेन बाहेर आला. त्याच्या हातात सहीचा कागद होता, गोल गोल बालिश अक्षरांतली सही.

"लागला का वरचा सूर?" ताईने विचारलं.

कानसेनचे डोळे लाल झाले होते, पण त्यावरून काहीच ठरवता येईना.

"ते तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. तिघांनाही. आणि शनिवारी हॉलमध्ये तुमच्यापैकी एक जण जरी दिसलं, तर गाणं मध्येच थांबवेन म्हणाली."

तो कागद घेऊन अध्यक्षांच्या खोलीकडे गेला. खरंच थांबवेल का, असं आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही.